पकवा

आमच्या घरात ट्रेडमिल आहे. तिच्या दांड्यावर दोन टॉवेल, पट्ट्यावर उलटी पसरलेली जीन्स आणि वेगाचा आकडा जिथं दिसायचा त्या काचेवर मोज्यांचा जोड. जून लागला की लोणावळ्यात कपडे वाळायचं थांबतं, ते थेट घट बसायच्या सुमारास पुन्हा सुरू होतं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस झेलणाऱ्या गावात घरातल्या वस्तूंचे हुद्दे बदलतात. खुर्ची बसायची राहत नाही, पंखा वाऱ्याचा राहत नाही. मीठ पाझरतं, पापड मान टाकतात, कपाटातल्या चामडी पट्ट्याला हिरवट लव येते. अशा घरात ट्रेडमिलची दांडी झाली तर तिला काय बोल लावायचा?

ती आली तेव्हा मोठ्या मानानं आली होती. मुंबईच्या एका कुटुंबानं इथला शनिवार-रविवारचा बंगला विकायला काढला, त्यांच्याकडून स्वस्तात घेतली. दोन माणसांनी आणि एका टेम्पोवाल्यानं जिन्यावरून वर चढवली. घाम त्यांना आला, तिच्यापायी आमच्या घरात आलेला तेवढाच. पहिल्या आठवड्यात मी तिच्यावर रोज वीस मिनिटं चालले. दुसऱ्या आठवड्यात वादळ झालं, कुठं तरी झाड तारेवर पडलं आणि दीड दिवस वीज नव्हती. वीज आली तेव्हा दांड्यावर टॉवेल होता. तो काढून मग चालायचं, म्हणजे तो ठेवायचा कुठं? एवढ्याशा प्रश्नानं माझा संकल्प बुडाला.

आता संकल्प का केला होता ते. माझं वजन छप्पन्न किलो. उंचीच्या मानानं कुणीही ठीकच म्हणेल. लग्नातल्या फोटोत आणि आत्ताच्यात फरक विचारला तर नात्यातल्या बायका चष्म्याचा सांगतात. पण एप्रिलमध्ये रक्त तपासलं, तेव्हा साखर काठावर निघाली आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. डॉक्टरांनी वजनकाट्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खणातून शिंप्याकडं असते तशी टेप काढली, नर्सबाईंना माझ्या कमरेभोवती धरायला सांगितली आणि म्हणाले, “एकोणनव्वद. बायकांची ऐंशीच्या आत हवी. ताई, तुम्ही बाहेरून बारीक आहात, आतून नाही.”

मला हे वाक्य लागलं. मग वाचलं, तेव्हा कळलं की या दुखण्यावरचं बरंच मूळ काम आपल्या पुण्यातच झालेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघे मित्र, दोघे मधुमेहाचे अभ्यासक. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून काढलेला आपलाच फोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सारख्याच मापाचे दोन सदरे, आत दोन वेगळी माणसं. याज्ञिकांच्या गटानं पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. इंग्लंडातलं बाळ साडेतीन किलोच्या आसपास, आपलं पावणेतीनच्या. पण हे जे पाऊण किलो कमी, ते स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत कमी. कातडीखालची चरबी आपल्या बाळानं बऱ्यापैकी राखलेली. म्हणजे काटकसर आपण पोटातूनच शिकून येतो. ज्या जातीच्या देहानं पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ पाहिले, त्यानं घरात चार दाणे आले की आधी कणगी भरायची, हे शहाणपणच होतं. आता दाणे रोजच येतात आणि कणगी भरतच राहते, एवढीच गडबड आहे.

तर चरबी घालवायची. कशी, याला डॉक्टरांचं उत्तर दोन शब्दांचं होतं: “कार्डिओ करा.” आणि दाराबाहेर पडता पडता आणखी दोन: “घरच्या घरी.” कारण ते इथलेच आहेत. त्यांना ठाऊक आहे की जुलैत वलवणच्या रस्त्यावर सकाळी सहाला धुकं इतकं असतं की समोरून येणारी म्हैस आधी ऐकू येते, मग दिसते. शनिवार-रविवारी तर प्रश्नच नाही. भुशी धरणाकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली की रस्त्यावर चालायला सोडाच, उभं राहायला जागा नसते. लोहगड आहे, विसापूर आहे. पण पन्नाशीच्या बाईनं भर पावसात रोज गड चढावा हे सांगायला सोपं. त्या लोहगडाचं नाव युनेस्कोच्या यादीत गेलं, २०२५च्या जुलैत. आनंद झाला. चढायला मात्र मी दिवाळीनंतरच जाणार.

‘घरच्या घरी’ असं मोबाइलला विचारलं की मोबाइल वेडा होतो. एक गोरी मुलगी समुद्रासमोरच्या काचेच्या खोलीत उड्या मारत होती. तिच्या मागं ओले टॉवेल नव्हते. तिनं मला बर्पी शिकवली. उभं राहायचं, बसायचं, पाय मागं फेकायचे, परत आणायचे, उडी मारायची. मी सहा केल्या आणि सातव्या वेळी जमिनीवरच राहिले. तिथून पलंगाखाली हरवलेलं लाटणं दिसलं, हा त्यातला नफा. मागाहून वाचलं की रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन माणसानं १९३०च्या दशकात हा प्रकार काढला तो तंदुरुस्ती तपासायला. चारच करायच्या आणि नाडी मोजायची, असा त्याचा बेत होता. त्या चाराच्या शंभर कुणी केल्या ते त्याला विचारून केल्या नसाव्यात.

ताबाताचंही तसंच. वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद थांबा, असं आठ वेळा, चार मिनिटांत खेळ खलास. चरबी वितळते म्हणे. जपानच्या इझुमी ताबाता यांचा हा अभ्यास १९९६चा. त्यांनी व्यायामाची सवय असलेल्या तरुण मुलांना सायकलवर बसवलं होतं आणि मोजली होती दमछाक सोसायची ताकद. चरबी मोजलेलीच नव्हती. तीव्र व्यायाम वाईट नाही, वेळ वाचतो. पण पुढं ज्यांनी चरबी मोजली, त्यांना तीव्र आणि मध्यम यांत फारसा फरक सापडला नाही. सारखे कष्ट केले तर सारखीच जाते. जादू कशातच नाही. पोटाचे व्यायाम करून पोटाची, दंडाचे करून दंडाची चरबी जाते हाही भ्रमच. देह कुठल्या कणगीतून धान्य काढणार ते त्याचा तो ठरवतो, आपल्याला विचारत नाही.

मग दोरी आणली. दोरीवरच्या उड्यांना तोड नाही, हे खरंच. मिनिटाला दहा-अकरा कॅलरी जातात, भराभर चालण्याच्या दुप्पट. लहानपणी शाळेच्या अंगणात मी शंभर मारायची. आमच्या हॉलमध्ये तिसऱ्या उडीला दोरी पंख्यात अडकली. खालून छताला टकटक झाली. मग जिन्यात पावलं, मग बेल. खालच्या काकू दारात.

“बरं आहे ना सगळं? आम्हाला वाटलं कपाट पडलं.”

छप्पन्न किलोचं कपाट. मी दोरी गुंडाळून ठेवली.

याच सुमारास पवन मावळातून आत्याबाई आल्या. माझ्या सासूबाई. शेवटची आवणी उरकली, खाचरांत पाणी तुंबवून झालं, आता श्रावणात थोरल्या सुनेकडं दे घर आणि धाकटीकडं चार दिवस राहून घे, असा त्यांचा दरसालचा नेम. वय चौऱ्याहत्तर, म्हणजे त्यांच्या हिशेबानं, कागदावर एकोणसत्तर. यंदाही त्या इंद्रायणी तांदळाची गोणी घेऊन आल्या. हे वाण आमच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं, १९८७ सालचं. घरी शिजलं की जिन्यात वास जातो, आणि माझ्या आहाराचे सगळे ठराव त्या वासात मऊ पडतात. आत्याबाईंनी ट्रेडमिलवर स्वतःचं लुगडं वाळत घातलं आणि सकाळी मला हॉलच्या मधोमध जागच्या जागी पळताना पाहिलं. चहाची बशी तशीच धरून बराच वेळ पाहिलं.

“पळतीस कुठं?”

“कुठं नाही आत्याबाई, व्यायाम करतेय.”

“जायाचं न्हाई कुठं, आन्‌ पळतीस?” मग चहाचा घोट घेऊन, “आन्‌ पोचलीस कवा ह्ये कसं कळायचं?”

मी थांबले. प्रश्न बिनतोड होता. पोचलीस हे कसं कळायचं? घड्याळात वीस मिनिटं झाली की? घाम आला की? घामाचं म्हणाल तर श्रावणात लोणावळ्यात भाजी चिरतानाही तो येतो आणि येतो तो जात नाही. हवेतच इतकं पाणी की अंगावरचं कुठं जाणार? आठवडाभर मी ओला टी-शर्ट पिळून खूश होत होते. काटा दुसऱ्या दिवशी पाणी प्यायल्यावर पुन्हा जिथल्या तिथं.

दुपारी वीज गेली. टीव्ही नाही, मोबाइल मरायला टेकलेला. आत्याबाई म्हणाल्या, “चल, फुगडी घालू.” मला वाटलं चेष्टा. पण त्यांनी लुगड्याचा पदर खोचला होता. पंचमी दोन दिवसांवर होती. त्यांच्या गावात पंचमीला आणि गौरीच्या रात्री बायका उजाडेपर्यंत नाचायच्या. धरण होऊन खालची खाचरं पाण्यात गेली, गाव वर सरकलं, पण नाचायची जागा म्हणून देवळापुढचं अंगण त्यांनी भांडून मोठं करून घेतलं होतं.

हात तिढा घालून धरायचे, पावलं पावलांना भिडवायची, अंग मागं टाकायचं आणि फिरायचं. पावलं उंच उचलायची नाहीत, चवड्यावर गिरकी. त्यामुळं जमिनीवर आदळणं नाही. खालच्या काकूंचं छत सुखरूप. पहिल्या दोन फेऱ्या संथ होत्या आणि त्यांत आत्याबाई गात होत्या. चौथ्या-पाचव्या फेरीला गाणं थांबलं आणि उखाणा आला, तोही अर्धा, मध्ये श्वास घेत. मग उखाणाही गेला. उरला तो नुसता आवाज. ओठ मिटून उघडताना श्वासाच्या झटक्यावर फुटणारा, ‘पक्क, पक्क, पक्क’ असा. छातीतून येणारा, पावलांच्या तालावर पडणारा. पकवा. लहानपणी मंगळागौरीत मी तो ऐकला होता. मोठ्या मुली फार हसून-हसून करायच्या म्हणून आम्ही तो वात्रटपणा समजायचो. त्या दिवशी माझा जीव घशात आल्यावर समजलं, की गाण्याइतका श्वास उरला नाही, बोलण्याइतकाही उरला नाही, की बाईच्या तोंडून ठेका धरायला एवढाच उरतो.

आम्ही थांबलो. भिंती अजून फिरत होत्या. आत्याबाई खिडकीला टेकल्या. त्यांच्या श्वासानं काचेवर धुक्याचा गोल उमटला, मावळला, पुन्हा उमटला. बाहेरून पाऊस, आतून त्या.

व्यायामाच्या जाणकारांकडं एक साधी कसोटी आहे. व्यायाम करताना बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम. चार शब्दांपुढं बोलता येत नाही, तो तीव्र. जागतिक आरोग्य संघटना सांगते ते आठवड्याचं माप याच मध्यम व्यायामाचं: दीडशे ते तीनशे मिनिटं, किंवा तीव्र असेल तर पंचाहत्तर ते दीडशे. मनगटावरचं घड्याळ ठोके मोजून तेच सांगतं. गाणं, उखाणा, पकवा. आमच्या बायकांनी ही पट्टी कधीची नाचात विणून ठेवली होती, आणि मी ती मोबाइलमध्ये हुडकत होते. भाषेतही ती आहेच म्हणा. श्वास फुलतो, मग दम लागतो, मग धाप लागते, मग ऊर धपापतो. चार पायऱ्या, चार शब्द. ‘कार्डिओ’ला मराठी शब्द नाही म्हणून आम्ही हळहळतो, आणि धापेच्या चढाची एकेक पायरी आजीच्या तोंडी होती.

इथं माझ्यातली एक भाबडी बाई म्हणायला लागली की बघा, जुन्या बायकांना जिम लागली नाही. जातं, उखळ, आवणी, फुगडी, झालं. तिला आत्याबाईंनीच गप्प केलं. “चरबी यायला पोटात काय तरी पडाया लागतं,” त्या म्हणाल्या. आवणीच्या दिवसांत सकाळी भाकरीचा तुकडा, दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून, डोईवर इरलं, रात्री भात पुरला तर पुरला. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांत आता वाटी झिजलेली आहे. कमरेत बाक आहे. ते कष्ट व्यायाम नव्हते आणि त्यांना व्यायाम म्हणून हार घालायला मी तयार नाही. फुगडीची गोष्ट वेगळी. ती त्यांची स्वतःची होती. दिवसभर राबून पुन्हा रात्री नाचायला त्या का जायच्या, हे मला ट्रेडमिलनं कधीच सांगितलं नसतं.

त्या काचेवरच्या धुक्यानं मला पुढं बरेच दिवस सोडलं नाही. कारण नेमकं तेव्हाच मी एक हिशेब वाचला होता. चरबी जाते कुठं? मी दहा जणांना विचारलं. घामातून, लघवीतून, ‘ऊर्जा होते’, ‘वितळते’ अशी उत्तरं आली. एका फिटनेसवाल्यानं तर ‘स्नायू होतात’ असं सांगितलं. २०१४ साली रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रसायनाचा सरळ हिशेब मांडला. दहा किलो चरबी जळायची तर २९ किलो प्राणवायू आत घ्यावा लागतो. त्यातून २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी होतं. मूळच्या दहा किलोंपैकी ८.४ किलो श्वासावाटे बाहेर जातात, उरलेले १.६ पाणी होऊन. म्हणजे चरबी नाकातोंडातून जाते. उसासे टाकत जाते. खिडकीच्या काचेवर उमटून मावळलेल्या गोलात थोडी ओल होती आणि जी दिसली नाही ती हवा. आत्याबाईंची आणि माझी चरबी त्या दुपारी तशीच निघून गेली, चिमूटभर असेल.

मग कुणी म्हणेल, नुसते जोरजोरात श्वास सोडू या की! तसं म्हणणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत. पोट आत-बाहेर झटकलं की घेर उतरतो, अशी हमी देणारे शिबिरांचे फलक दर मोसमात लागतात. त्यांना उत्तर द्यायला मला लांब जावं लागत नाही. घरापासून चालत गेलं की कैवल्यधाम आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी ते उभं केलं. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्यात माणिकरावांच्या हाताखाली व्यायाम शिकलेले, पुढं माधवदासजींकडं योग. या माणसाला श्रद्धेइतकाच मोजपट्टीचा नाद. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं ते त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिलं. नौलीत आतड्यात पोकळी तयार होते, दाब उतरतो, हे मोजलं आणि त्या पोकळीला गुरूचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढून हे सगळं छापलं. प्राणायामात किती प्राणवायू घेतला जातो, किती कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, तेही त्यांच्या प्रयोगशाळेत मोजलं गेलं, आणि प्राणायामात माणूस प्राणवायूचे घडेच्या घडे पितो ही लाडकी समजूत त्यांनी स्वतःच्याच आकड्यांनी खोडली. प्राणायामाची थोरवी त्यांना दुसरीकडं दिसत होती. शंभर वर्षांपूर्वी, आमच्याच धुक्यात बसून, एक योगी एवढं सरळ सांगून गेला आणि आम्ही अजून फलक वाचतोय.

कष्टाशिवाय श्वास जोरात सोडला तर घेरी येते, एवढंच. श्वास हा ओझं वाहून नेणारा हमाल. पोती आधी स्नायूंनी भरून द्यावी लागतात.

तेव्हा माझं ठरलं ते असं. वीज नको, आवाज नको, गुडघ्यावर आदळणं नको, इमारतीबाहेर पडणं नको, आणि टॉवेल हलवायला लागू नये. या पाच चाळण्यांतून दोनच गोष्टी खाली पडल्या.

एक जिना. आमच्या इमारतीत गच्चीचं दार पावसाळाभर बंद असतं, म्हणून वरच्या मजल्यापासून गच्चीपर्यंतच्या चौतीस पायऱ्या कुणाच्याच नसतात. छत्र्यांचं पाणी तिथवर येत नाही. कोळी आणि मी. चढताना भराभर, उतरताना कठड्याला हात आणि सावकाश, कारण गुडघा दुखतो तो उतरताना. जिना चढणं हा स्वस्तातला सगळ्यात कडक व्यायाम आहे. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर ताडून पाहिले. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना कमी. तेव्हापासून माझा एसटीच्या कंडक्टरांविषयीचा आदर वाढला आहे, जरी आपल्या लाल गाडीला वरचा मजला नसला तरी.

दुसरा झिम्मा. फुगडीला जोडीदार लागतो आणि आत्याबाई महिन्याभरात परत गेल्या. झिम्मा एकटीलाही जमतो: पाऊल, टाळी, वळण, पाऊल, टाळी. मी तो चटईवर घालते, अनवाणी, वीस मिनिटं. सुरुवातीला गाते. गाणं थांबलं की समजते, आता मोजायला लागलं. शेवटची पाच मिनिटं वेग वाढवते, आणि मग पकवा आपोआप येतो, लाजेनं तोंड दाबलं तरी येतो. एकदा खालच्या काकू बेल वाजवून आत आल्या. मी ओशाळून थांबले. त्यांनी हाताची घडी घालून फर्मावलं, “चालू दे.” दोन मिनिटं पाहिलं. मग म्हणाल्या, “वळण दुसऱ्या टाळीला घ्यायचं असतं. आणि पाय आपटू नको.” आणि गेल्या. वळण आता दुसऱ्या टाळीला घेते.

सूर्यनमस्कारही करते, पण ते मनाला बरं वाटतं म्हणून. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले होते आणि स्वतः रोज घालत. भराभर घातले तर तेही धापेपर्यंत नेतात. माझं मनगट साथ देत नाही, म्हणून बारावर थांबते.

आता कडू भाग. माझ्या वजनाच्या बाईनं अर्धा तास असा झिम्मा घातला तर साधारण दीडशे कॅलरी जातात. शंभर ग्रॅम शेंगदाणा चिक्कीत पावणेपाचशेच्या आसपास असतात. म्हणजे बाजारात दुकानदार ‘घ्या हो, चवीला घ्या’ म्हणून हातावर ठेवतो ते दोन-तीन तुकडे आणि माझा अर्धा तास, फिट्टंफाट. किलोभर चरबीत पावणेआठ हजारांच्या आसपास कॅलरी साठवलेल्या असतात. रोजच्या अर्ध्या तासानं, ताटात काहीच न बदलता, ती उतरायला पन्नासेक दिवस लागतील. आणि देह हुशार, तो मधल्या वेळात भूक वाढवून थोडं वसूल करणारच. ताटाला हात लावल्याशिवाय नुसत्या उड्यांनी कणगी रिकामी होत नाही. मी इंद्रायणी सोडलेली नाही. वाटी मात्र बदलली. आत्याबाईंच्या लग्नातली पितळी वाटी आहे, आताच्या वाटीच्या निम्मी. भात त्यातच. चिक्की पाहुण्यांसाठी.

काटा रोज पाहणं बंद केलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी, शिंप्याकडून आणलेली टेप, बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून झाल्यावर, ओढून न धरता. जूनमध्ये एकोणनव्वद. जुलैत अठ्ठ्याऐंशी आणि सूत दोन सूत. ऑगस्टमध्ये तेवढीच, त्या महिन्यात गोणी आली होती. सप्टेंबर-ऑक्टोबर मिळून तीन उतरले. काट्यावर या साऱ्यात फक्त दीड किलोचा फरक, काटाच पाहत बसले असते तर केव्हाच सोडलं असतं. साखरेचा अहवाल पुढच्या आठवड्यात आहे.

परवा आत्याबाईंचा फोन आला. भात पोटरीत आलंय, रानडुकरांनी बांधाकडची चार चुडं लोळवली, आणि गौरीच्या रात्री त्यांनी पाच फुगड्या घातल्या, त्यांतली एक सरपंचबाईंबरोबर. “तुझं पळनं चालू हाय का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालू आहे. “पोचलीस?”

कंबर पंच्याऐंशी आहे. पाच सेंटिमीटर बाकी आहेत, आणि वॉचमननं काल गच्चीचं दार उघडलं.